भावजींचे विरोधक

पाहुणे येणार असं कळलं त्या दिवशी भावजींचा चहा दोनदा गार झाला. दोन्ही वेळा मी तो गरम करून परत वर नेला, आणि दोन्ही वेळा ते खिडकीशी उभे होते, हातात मोबाईल, चष्मा कपाळावर चढवलेला.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. अर्थशास्त्राचे प्राध्यापक. इथल्या, उज्जैनच्याच सरकारी शाळेत शिकले, पुढे शिष्यवृत्ती मिळवून युरोपात गेले आणि तीसेक वर्षं तिथल्या एका विद्यापीठात शिकवत राहिले. लग्न केलं नाही. श्रीमंत देशांत राहून श्रीमंत देशांनाच बोल लावायचे, हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. गरीब देशांना कर्ज द्यायचं, वर अटी घालायच्या की धान्यावरची सूट काढा, दवाखान्याचा खर्च कमी करा, बाजार उघडा. आणि स्वतःच्या शेतकऱ्यांना मात्र हात सैल सोडून मदत द्यायची, हा कुठला न्याय, असं ते लिहायचे. तिथे काही लोक त्यांना मानायचे, पुष्कळसे टाळायचे.

निवृत्त झाल्यावर ते माधव नगरात आमच्याकडे राहायला आले. घरात मी आणि हे, दोघंच. हे बँकेतून रिटायर झालेले, मी मुलींच्या सरकारी शाळेत भूगोल शिकवून. मुलगी लग्न होऊन बडोद्याला. वरची खोली रिकामीच होती. भावजींनी तिथे टेबल मांडलं आणि मराठीत पुस्तक लिहायला घेतलं.

मराठीत का, तर त्याला कारण मी. पुष्कळ वर्षांपूर्वी ते सुट्टीवर आले असताना मी सहज विचारलं होतं की भावजी, तुम्ही नक्की म्हणता तरी काय? त्यांनी तासभर समजावलं. मी मेथी निवडत ऐकलं आणि शेवटी खरं ते सांगून टाकलं, की मला एक अक्षर कळलं नाही. मी हे केव्हाच विसरले होते, ते विसरले नव्हते. आता रोज दुपारी ते आदल्या दिवशीची पानं वाचून दाखवायचे आणि मी लाल पेनने खुणा करायची. 'भांडवलसंचय' खोडलं. 'संरचनात्मक समायोजन' तर तीनदा खोडलं. ते चिडायचे. म्हणायचे, वहिनी, या शब्दाला दुसरा शब्द नाही. मी म्हणायची, मग गोष्ट सांगा. ते वैतागून गोष्ट सांगायचे, आणि मी म्हणायची, हीच लिहा.

तर हे पाहुणे. भावजींच्या प्रत्येक पुस्तकात त्यांचं नाव यायचं आणि कधीही चांगल्या कारणाने नाही. गरीब देशांना कर्ज देणाऱ्या एका मोठ्या परदेशी संस्थेत ते वरच्या हुद्द्यावर होते, नंतर प्राध्यापक झाले. भावजी जे लिहायचे ते कसं चूक आहे हे पाहुणे लिहायचे. मग पाहुणे जे लिहायचे ते कसं चूक आहे हे भावजी लिहायचे. असं तीस वर्षं चाललं होतं. परिषदांमध्ये समोरासमोर आले की लोक खास ऐकायला जमायचे म्हणे. पण दोघांनी एकत्र बसून चहा म्हणून कधी घेतला नव्हता.

आता त्यांनी कळवलं होतं की त्यांची पत्नी मागच्या वर्षी वारली, ते एकटेच हिंदुस्थान बघायला निघालेत, आणि उज्जैनची जुनी वेधशाळा बघायची फार इच्छा आहे. दोन दिवस येऊ का?

भावजी म्हणाले, हॉटेलात उतरू दे. हे पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "तुझ्याशी भांडायला माणूस इतक्या लांबून येतोय. त्याला हॉटेलात ठेवतोस होय?" तो विषय तिथेच मिटला.

पाहुणे आले ते एका पिशवीनिशी. मोठी बॅग विमानाने भलत्याच शहरी नेली होती. इंदूरहून टॅक्सीतून उतरले तेव्हा मला आधी त्यांचे पायच दिसले, इतके उंच. पांढरे केस, किंचित वाकलेले, अंगावरचा सूट चुरगळून गेलेला. त्यांना आंघोळीनंतर ह्यांचा कुर्ता-पायजमा दिला. कुर्ता ठीक बसला, पायजमा पोटऱ्यांपर्यंतच आला. ते तसेच खाली जेवायला आले, अगदी गंभीर चेहऱ्याने, आणि भावजींनी मान फिरवून घेतली. मला वाटलं रागाने. मग खांदे हलताना दिसले.

पहिल्याच जेवणाला सुरुवात झाली. वरणभात पोटात जायच्या आत दोघं कुठल्यातरी आफ्रिकन देशाच्या व्याजदरावर पोचले होते. भावजी मराठीतून एकदम इंग्रजीत गेले, आवाज चढला. पाहुण्यांचा आवाज चढत नव्हता, पण ते हातातला चमचा दर वाक्याला ताटावर टेकवत होते. माझं इंग्रजी सरकारी शाळेतलं; वाचता येतं, हळू बोललं तर कळतं. दहा मिनिटं मी दोघांची तोंडं बघितली आणि मग वर्गात बोलायची त्या आवाजात सांगितलं, की या घरात जेवताना मला कळेल असंच बोलायचं. ज्याच्या तोंडून मला न कळणारा शब्द निघेल त्याने आपलं ताट स्वतः घासायचं. पाहुण्यांनी भावजींकडे बघितलं. भावजी म्हणाले, "ह्या माझ्या संपादक आहेत. मी ह्यांच्याशी वाद घालत नाही, तूही घालू नकोस."

त्या दुपारी दोघांनीही ताटं घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे-जिलेबी मागवली. पाहुण्यांनी पोह्यांवर शेव घातली, जिलेबीचा तुकडा मोडून त्यातच मिसळला आणि डोळे मिटून खाल्लं. आमच्या माळव्यात हे जमायला बाहेरच्या माणसाला महिना लागतो. पुण्याची माझी चुलत जाऊ अजून नाक मुरडते. हे तेवढ्यावरच त्यांच्या बाजूचे झाले. तिसऱ्या दिवशी हे आणि पाहुणे सकाळी बाजारात जाऊन गराडू घेऊन आले. गराडू म्हणजे कंद, थंडीत आम्ही तो तळून वर मसाला आणि लिंबू मारून खातो. ह्यांना इंग्रजी बोलायचा कंटाळा, पाहुण्यांना हिंदी येत नाही, तरी दोघं तासभर हिंडून खुशीत परत आले होते.

वेधशाळा मी दुसऱ्याच दिवशी दाखवली होती. माझा विषयच तो. मुलींना वर्षानुवर्षं तिथे नेऊन सावल्या मोजायला लावल्या आहेत. मी त्यांना सांगितलं की आमचे जुने ज्योतिषी जगाचं मोजमाप उज्जैनच्या रेषेपासून करायचे. ते म्हणाले हे मला ठाऊक आहे, म्हणून तर आलो. मग यंत्राच्या पायरीवर बसून सांगू लागले. त्यांची पत्नी गणिताची शिक्षिका होती. दोघांनी मिळून इथे यायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं. भावजी जरा लांब उभे होते. त्यांनी हे ऐकलं. घर आल्यावर ते पाहुण्यांना म्हणाले, "दोन दिवसांत काय बघून होतं. राहा अजून आठवडाभर."

त्यांची बॅग चौथ्या दिवशी आली. तोवर मी चौकातल्या शिंप्याकडून दोन लांब पायजमे शिवून घेतले होते. बॅग तशीच कोपऱ्यात पडून राहिली.

पाचव्या दिवशी आम्ही भैरवगढला गेलो. तिथे कापडावर लाकडी ठप्प्याने छपाई करतात, आणि मला मुलीसाठी चादरी हव्या होत्या. मी नेहमी एकाच घरी जाते. तिथली सून माझी जुनी विद्यार्थिनी. आता चाळिशीला आलेली, सासऱ्यांनंतर छपाईचं सगळं तीच बघते. आम्ही गेलो तेव्हा लांब टेबलावर गोणपाट आणि त्यावर पांढरं कापड ताणलेलं होतं, आणि ती रंगाच्या तबकात ठप्पा बुडवून भराभर उमटवत होती. पाहुण्यांना आणि भावजींना तिने बसायला वेताचे मोडे दिले, चहा सांगितला.

पाहुण्यांनी विचारलं, माल परदेशी जातो का? मी हिंदीत विचारलं. तिने सांगितलं की एकदा गेला होता. तिकडचा एक मोठा खरेदीदार आला, चादरींची भलीमोठी ऑर्डर दिली. चार महिने सगळं घर त्यात जुंपलं. माल तयार झाल्यावर त्याच्या माणसाने नाकारला, कारण दोन ठप्प्यांच्या मधला जोड दिसतो. हाताच्या छपाईत जोड दिसणारच, मशीन असती तर नसता दिसला, ती म्हणाली. तो सगळा माल पुढे इथल्या कार्तिक मेळ्यात, जत्रेत विकला. आता ती बाहेरची ऑर्डर घेते, पण खरेदीदाराने आधी इथे येऊन, समोर बसून, जोड बघून घ्यायचा ही तिची अट.

मी हे सांगून पुरं केलं नाही तोच भावजी म्हणाले की बघ, मी तीस वर्षं काय सांगतोय, अटी नेहमी पैसे देणाऱ्याच्या. पाहुणे म्हणाले, उलट, बघ ती बाजारातच शिकली आणि आता स्वतः अटी घालते. भावजी म्हणाले, चार महिने तिचे गेले, त्याचे काय गेले? पाहुणे काहीतरी म्हणाले. दोघांचे चहा मोड्यांशेजारी गार होत होते. माझी विद्यार्थिनी कंबरेवर हात ठेवून बघत होती. तिने मला विचारलं, "बाईजी, ये दोनों मेरे बारे में लड़ रहे हैं?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "तो मुझे भी तो कोई पूछे."

मी ते दोघांना जसंच्या तसं सांगितलं.  मग पाहुणे उठले, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं की तुम्हाला काय वाटतं. ती हसली आणि त्यांच्या हातात वेलीचा ठप्पा दिला. म्हणाली, आधी हे करून बघा, मग बोलू.

त्यांनी ठप्पा बुडवला, कापडाच्या एका वाया गेलेल्या तुकड्यावर ठेवला, वरून मुठीने ठोकला. पहिली वेल बरी आली. दुसरी तिरकी गेली, तिसरी पहिलीवर चढली. तिच्या घरातल्या बायका दारात जमल्या आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मग भावजींना ठप्पा दिला. त्यांचं त्याहून वाईट झालं. रंग त्यांच्या चष्म्यावरही उडाला. पाहुणे इतके हसले की त्यांना मोड्यावर बसावं लागलं. भावजीही हसत सुटले; त्यांना मी लहानपणीच्या फोटोतसुद्धा असं हसताना पाहिलेलं नाही.

छपाई करता करता पाहुण्यांनी तिला विचारलं की या बाईंची आणि तुमची ओळख कशी. तिने सांगितलं. आठवीनंतर वडिलांनी तिला शाळेतून काढलं होतं. मी दोनदा त्यांच्या घरी गेले. वडिलांना म्हटलं, मुलीला फी नाही, पुस्तकं शाळा देते, मग अडचण कसली? दुसऱ्यांदा ते तयार झाले. पुढे ती बारावी झाली, आणि आज कागदपत्रं, बिलं, फोनवरचं इंग्रजी, सगळं तीच बघते.

पाहुण्यांनी विचारलं, "फी असती तर?"

मी भाषांतर केलं. ती ठप्पा बुडवत म्हणाली, "फीस होती तो बाईजी किस मुँह से बुलाने आतीं?"

 येताना ऑटोत पाहुण्यांनी मला विचारलं की अशा किती मुलींच्या घरी तुम्ही गेलात. मी म्हटलं, मोजलं नाही, जून-जुलैमध्ये तेच काम असायचं. 

आठव्या दिवशी भावजींच्या पुस्तकाचं वाचन होतं. आमच्या मराठी मंडळींचा एक छोटा हॉल आहे, तिथे महिन्यातून एकदा काहीतरी होतं. कधी भजन, कधी नाट्यगीतं. अर्थशास्त्र पहिल्यांदाच. मला वाटलं पाच-सात जण येतील. चाळीसेक आले, निम्मे बहुधा गोऱ्या पाहुण्याला बघायला. माझी विद्यार्थिनीही नवऱ्याबरोबर आली आणि मागे बसली. मराठी शेजारात वाढल्यामुळे तिला मराठी कळतं, वाचताही येतं. भावजींनी कर्जाच्या अटींवरचं प्रकरण वाचलं. मी लाल पेनने किती छळलं होतं त्या प्रकरणाला, पण हॉलमध्ये सगळ्यांना कळत होतं. लोक मधे हसत होते, एका ठिकाणी कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं. आमच्या इकडच्या मराठीत निम्मी हिंदी असते, आणि भावजींनी ती तशीच ठेवली होती. 'सबसिडी काटली' असंच लिहिलं होतं, 'कमी केली' नाही.

वाचन संपल्यावर पाहुणे म्हणाले मला दोन मिनिटं बोलायचंय. भावजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं आता हा सगळ्यांसमोर खोडून काढणार. मलाही तेच वाटलं. मी भाषांतराला त्यांच्या शेजारी उभी राहिले.

त्यांनी आधी मराठीत "नमस्कार, मी तुमच्या गावात फार खाल्लं" एवढं म्हटलं. ते मीच शिकवलेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते इंग्रजीत, हळू, मला सांगायला वेळ मिळेल असं बोलू लागले. म्हणाले, तरुण असताना मी एका गरीब देशासाठी अहवाल लिहिला. त्यात एक ओळ होती, की शाळांनी थोडी फी घ्यावी, म्हणजे सरकारचा खर्च कमी होईल आणि पालकांना शाळेची किंमत कळेल. ती ओळ अट झाली. पुढे काय झालं हे मी आकड्यांत वाचलं. या तुमच्या माणसाने तेव्हा लिहिलं होतं की ही ओळ मुलींना घरी बसवेल. मी उत्तरात त्याची टिंगल केली.

इथे ते थांबले. मी तिथपर्यंतचं सांगितलं.  माझ्या डोळ्यांसमोर जून महिन्यातली हजेरी होती, आणि त्यातली न येणाऱ्यांची नावं.

मग ते भावजींकडे वळले. म्हणाले, "तू बरोबर होतास. हे मी तुला खोलीत सांगू शकलो असतो. पण टिंगल मी सगळ्यांसमोर केली होती."

हे वाक्य मी मराठीत सांगितलं. भावजी खुर्चीतून उठले.  ते पाहुण्यांजवळ गेले, त्यांचा हात धरला आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवर त्यांना बसवलं. मग स्वतः बसले. हात तसाच धरलेला होता. शेवटी मागून माझ्या विद्यार्थिनीने टाळी वाजवली आणि सगळा हॉल वाजवू लागला. हे रुमाल शोधत होते, तो माझ्या पर्समध्ये होता.

बाहेर पडून ऑटोत बसलो आणि पहिल्या चौकाच्या आत भावजी म्हणाले, पण तुझं व्याजदराबद्दलचं म्हणणं अजूनही साफ चूक आहे. पाहुणे म्हणाले, व्याजदराबद्दल मी एक शब्दही मागे घेतलेला नाही. घरी पोचेपर्यंत दोघांचे आवाज रस्त्यापर्यंत जात होते. ऑटोवाल्याने मला विचारलं, झगडा हो गया क्या? मी म्हटलं, नहीं भैया, दोस्ती हो गई.

दुसऱ्या दिवशी ते गेले. जाताना लांब पायजमा घालूनच टॅक्सीत बसले. ह्यांनी त्यांना दोन किलो शेव बांधून दिली आणि विमानात हातातच ठेवा, बॅगेचा भरवसा नाही, असं हिंदीत बजावलं. ते त्यांना बरोबर कळलं.

भावजींनी पुढे त्या प्रकरणातली पाहुण्यांवरची एक बोचरी ओळ काढली. एकच. मी विचारलं, बाकीच्या? ते म्हणाले, बाकीच्या खऱ्या आहेत. पण पुस्तकाच्या शेवटी त्यांनी पाहुण्यांना आठ पानं दिली, हवं ते खोडून काढायला. ती पानं मी मराठीत केली आणि त्यांनाही लाल पेन लावलं. पाहुण्यांनी कळवलं की त्यांचं इतकं स्पष्ट लिखाण त्यांनी स्वतःसुद्धा कधी वाचलं नव्हतं.

पुस्तक गेल्या वर्षी आलं. भैरवगढला माझ्या विद्यार्थिनीला एक प्रत दिली. पाहुण्यांची आठ पानं तिने आधी वाचली, भावजींचं नंतर, आणि मला फोन करून सांगितलं की दोघांनीही छपाईबद्दल थोडं थोडं चुकीचंच लिहिलंय, पुढच्या आवृत्तीत तिला दुरुस्त करू द्या. भावजींनी तिला चार पानं मोकळी ठेवली आहेत.

या डिसेंबरात पाहुणे परत येताहेत, महिनाभरासाठी. आज सकाळपासून भावजी गच्चीवर आहेत. पाहुण्यांसाठी गादी उन्हात टाकलीय आणि तिच्याशेजारी खुर्ची घेऊन ते त्यांचाच नवा लेख वाचताहेत. मधून मधून मला खाली ऐकू येईल अशा आवाजात म्हणतात की हा माणूस सुधारणार नाही. मी गराडू आणायला ह्यांना बाजारात पाठवलंय.